डाव्या हाताखालचा कोपरा

हे मी केतकीलाही सांगितलेलं नाही. केतकी माझी बायको — आणि त्या दिवशी कॅमेरा तिच्याच हातात होता, म्हणजे जे घडलं ते तिच्या डोळ्यांसमोर घडलं. तरी तिला माहीत नाही. माझ्या आईवडिलांना नाही, चॅनेल बघणाऱ्यांपैकी कुणाला नाही, विजयला तर नाहीच. मनातल्या मनात मात्र माझं हे इतक्यांदा सांगून झालंय, की आता ते पाठ झाल्यासारखं वाटतं, आणि पाठ झालेली गोष्ट हळूहळू दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागते. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं. तुम्हालाच का? तुम्ही समोर नाही म्हणून. समोर असतात तर मी चहा टाकला असता, कुठल्यातरी नव्या फोनबद्दल भरभरून बोललो असतो आणि तुम्हाला लिफ्टपर्यंत सोडून परत आलो असतो.

मी खारघरला राहतो. नोकरी बेलापूरला, साधी, पोट भरणारी. शनिवार-रविवारी मराठीतून गॅजेट्सचे व्हिडिओ रिव्ह्यू करतो, अधूनमधून ब्लॉगवर लिहितोही. चॅनेल फार मोठं नाही, पण बघणारे जिवाभावाचे आहेत. त्यांची एक पद्धत आहे — इंग्रजी रिव्ह्यू बघायचे, हिंदी रिव्ह्यू बघायचे, आणि मग पैसे टाकायच्या आधी ‘आपला मनोज काय म्हणतो’ ते बघायचं. या ‘आपला’ शब्दाची मला भारी चटक होती. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला मी छाती काढून सांगायचो, की मी कुठल्याही कंपनीकडून एक पैसा घेत नाही. ते खरं होतं. आजही खरं आहे. मला विकत घ्यायला पैसे लागलेच नाहीत, ही त्यातली गंमत.

काय लागलं, ते सांगतो.

दोन हातांत धरून खेळायचे छोटे कॉम्प्युटर आलेत, तुम्ही पाहिले असतील. मध्ये स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, आत पूर्ण कॉम्प्युटर. मोठ्या कंपन्या ते बनवतात, तसे चारदोन जणांनी गाळ्यात बसून उभ्या केलेल्या कंपन्याही बनवतात. या छोट्या कंपन्यांचा धंदा उलटा चालतो. वस्तू अजून तयार नसते. चित्रं असतात, आश्वासनं असतात, एक-दोन नमुने असतात. लोक आधी पैसे भरतात, मग त्या पैशांतून वस्तू बनते. बनली तर. कधी वर्षभर उशिरा येते, कधी भलतीच येते, कधी येतच नाही. आणि लोक पैसे कशाच्या जोरावर भरतात? ते नमुने आमच्यासारख्यांकडे पाठवलेले असतात, आमच्या व्हिडिओच्या जोरावर. हे मला माहीत नव्हतं का? एका जुन्या व्हिडिओत मीच हे तावातावाने सांगितलंय. लोकांनी टाळ्यांच्या चिन्हांनी कमेंट्स भरून टाकल्या होत्या.

पण तोवर मला कुणी नमुना पाठवला नव्हता ना.

मग एका परदेशी कंपनीची मेल आली. लहानशी कंपनी, नाव सांगून उपयोग नाही, आता ती त्या नावाने नाहीच. त्यांना भारतात विकायचं होतं, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मराठीतही लोक बघतात. नमुना हिंदीवाल्या मोठ्या चॅनेलांच्या आधी माझ्याकडे येणार होता. पहिला! मी ती मेल केतकीला वाचून दाखवली, ऑफिसात दोघातिघांना दाखवली, आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलं की पार्सल आलं तर खाली ठेवायचं नाही, ताबडतोब वर पाठवायचं. लग्नातल्या नवऱ्यासारखा मिरवत होतो मी. आज लिहितानाही कान तापतात.

पार्सल आलं. वस्तू सुंदर होती, खोटं कशाला बोलू. हातात घेतली आणि मी हरखून गेलो. पहिला दिवस नुसता खेळण्यात गेला. दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवली तर ती डुगडुगली. सपाट टेबलावर सपाट वस्तू का डुगडुगावी? उलटी करून पाहिली. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पाठीचं झाकण उचललं गेलं होतं. नख आत जात होतं. आत बॅटरी फुगली होती.

फुगलेली बॅटरी म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. मला माहीत होतं, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत हे एवढंच महत्त्वाचं आहे. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, तापू द्यायची नाही. ती कधी पेट घेईल सांगता येत नाही. मीच लोकांना हे शिकवायचो, अगदी हातवारे करून.

मी कंपनीला कळवलं. तेवढं केलं. त्यांच्या माणसाचं उत्तर इतकं गोड होतं — की हा नमुना आहे, लोकांना मिळेल त्यात बॅटरी वेगळी असेल, काळजी नसावी, आणि व्हिडिओत तो कोपरा दिसला तर लोकांचा उगाच गैरसमज होईल, तेवढं पाहाल ना? खाली लिहिलं होतं, पुढचा नमुनाही सर्वांत आधी आपल्यालाच. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. स्वतःला म्हटलं, बरोबरच आहे की, नमुन्यावरून वस्तू जोखायची नसते. असं म्हणायला मला किती वेळ लागला असेल? चहा निवला नव्हता.

मग आम्ही शूटिंग केलं. हॉलमध्ये, खिडकीच्या उजेडात. केतकीने कॅमेरा धरला होता, आणि मी त्या कोपऱ्यावर डावा तळहात घट्ट ठेवून बोलत होतो. उजव्या हाताने बटणं दाखवली, स्क्रीन दाखवली, वजन कसं हलकं आहे ते दाखवलं. डावा हात जागचा हलला नाही.

‘‘अरे, हात हलव ना जरा,’’ केतकी म्हणाली. ‘‘गोंद लावल्यासारखा काय धरलायस?’’

‘‘ग्रिप दाखवतोय,’’ मी म्हणालो.

तो व्हिडिओ खूप चालला. आजवर माझा दुसरा कुठलाही तेवढा चाललेला नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘भाऊ, पकड लय भारी.’ मी त्याला हसरा चेहरा पाठवला.

इथवर तुम्ही म्हणाल, बरं, एक दोष लपवला, असं सगळेच करतात. मीही तेच म्हणायचो. पण मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. मुद्द्याच्या भोवती फिरतोय, कळतंय मला.

विजय सारसोळ्याचा, नेरूळच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. आम्ही नेरूळच्या कॉलेजात एका बाकावर होतो आणि वाशीच्या सायबर कॅफेत एका कॉम्प्युटरवर — अर्धा तास तो खेळणार, अर्धा तास मी. पुढे मी ऑफिसात गेलो, तो बंदराजवळच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवायला लागला. वर्षानुवर्षं त्या केबिनमध्ये बसून त्याची पाठ गेली. मणक्याचं ऑपरेशन झालं, ते नीट साधलं नाही. तेव्हापासून तो बहुतेक वेळ पडून असतो. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग पलंगाचा कठडा धरायचा, मग श्वास घ्यायचा, मग पाय खाली. घरात तो आणि त्याची आय. आय नेरूळच्या बाजारात मासळी विकायची, त्यावर घर चालत होतं.

व्हिडिओ आला त्याच दिवशी त्याचा फोन. आडवं पडून खेळता येईल असा कॉम्प्युटर! त्याच्या आवाजात कॉलेजातला विजय आला होता. बसता येत नाही म्हणून त्याचा मोठा कॉम्प्युटर धूळ खात पडला होता — आम्ही दोघांनी मिळून, एकेक भाग शोधून जोडलेला. तो विकून ह्याचे पैसे भरतो म्हणाला. एकच गोष्ट विचारली त्याने. मी दिवसभर पडून असतो, तर ते कायम चार्जिंगला लावून ठेवलं तर चालेल ना?

आणि मी म्हणालो, ‘‘बिनधास्त.’’

का म्हणालो? तो मित्र होता. त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, की बाबा, थांब जरा. एका माणसाला सांगितलं असतं तर कंपनीला कळलं नसतं. पण विजय पोटात काही ठेवत नाही, त्याने कौतुकाने चार जणांना सांगितलं असतं की मन्याने मला आतली गोष्ट सांगितली. हे कारण आहे. निमित्त म्हणून देत नाही, घडलं ते सांगतोय.

वस्तू यायला ठरल्यापेक्षा खूप उशीर झाला. लोक माझ्या व्हिडिओखाली शिव्या घालू लागले, आणि प्रत्येक शिवीखाली विजयचं उत्तर असायचं. मन्याला मी कॉलेजपासून ओळखतो, तो खोटं बोलणार नाही, असं. पडल्या पडल्या तो दिवसभर माझ्या वतीने भांडत होता. मी ते वाचायचो. एकदाही त्याला फोन करून म्हटलं नाही की सोड ना, कशाला डोकं लावतोस. मला ते हवं होतं.

अखेर पावसाळ्याच्या सुरुवातीला वस्तू लोकांच्या हाती पडली. विजयने फोटो पाठवला — छातीवर ते यंत्र आणि कानापर्यंत हसू. मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतास. पुढे पाऊस ओसरता ओसरता नागपूरच्या एका माणसाची कमेंट आली, की पाठीचं झाकण डाव्या कोपऱ्यात उचललं गेलंय, दादा, काय करू? मी ती कमेंट कुणाला दिसणार नाही अशी करून टाकली. उत्तर दिलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी विजयचा फोन आला. फुगलाय म्हणाला.

मी त्याच संध्याकाळी सारसोळ्याला गेलो. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर तापून नुकतं उतरलं होतं. विजयने उशीखालून यंत्र काढून माझ्या हातात दिलं. तोच कोपरा. माझ्या तळहाताला तो ओळखीचा होता. मी काही बोलायच्या आत तोच ओशाळून बोलायला लागला.

‘‘टेन्शन नको घेऊ. खारी हवा हाय आपल्याकडची. पंखा टिकत नाय, टीव्ही टिकत नाय, यो काय टिकनार? चूक माजीच. पावसात उघडाच ठेवायचो.’’

खाडीकाठच्या घरात सगळंच गंजतं — कड्या, बिजागऱ्या, स्टोव्ह. त्या माणसांना त्याचं काही वाटत नाही, वस्तू बिघडली की हवेकडे बोट दाखवून मोकळी होतात. आणि नागपूरला कुठली आली खाडी? माझ्या तोंडाशी आलं होतं ते. मी मान डोलावली. नुसतीच डोलावली नाही, म्हणालोही, ‘‘हो रे, मीठ असतं ना हवेत.’’ रिव्ह्यू करणारा माणूस म्हणाला म्हणजे झालं. विजयचा चेहरा सैलावला. मला दोष लागला नाही याचं त्याला बरं वाटलं, दुसरं काही नाही.

तेवढ्यात आय आतून आली. तिने यंत्र माझ्या हातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि हसली.

‘‘ओल लागलीय त्याला. तांदलान ठेवते, उद्यापासून ऊन दाखवते. सुकल चांगला.’’

फोन भिजला की तांदळात ठेवायचा, हे आपण सगळेच करतो. आणि त्या घरात ओल घालवायचा एकच उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला — ऊन. बोंबील उन्हात, जवळा उन्हात, गाद्या उन्हात, मग हे का नाही? तिने माझ्यादेखत तांदळाचा पत्र्याचा डबा ओढला, यंत्र आत खोचलं, वरून तांदूळ लोटले, झाकण दाबून बसवलं. उद्या अंगणात सुकवणीच्या शेजारी ठेवणार होती.

मी बघत होतो. फुगलेली बॅटरी, बंद पत्र्याचा डबा, दिवसभर ऊन. अख्ख्या नवी मुंबईत ज्याला याचा अर्थ सगळ्यात चांगला कळत होता तो माणूस त्या खोलीत खुर्चीवर बसला होता. एक वाक्य पुरलं असतं. आय, ते उन्हात ठेवू नको. बस. पण मग विजयने विचारलं असतं, का रे? आणि ‘ओल नाही, बॅटरी फुगलीय’ म्हटल्यावर विचारलं असतं, तुला आधी माहीत होतं? तो हुशार आहे. आम्ही एका बाकावर होतो.

मी जेवून निघालो. आयने आग्रह करून वाढलं.

घरी परत येताना रिक्षात बसून विजयला मेसेज लिहिला, ‘डब्यातून काढ ते, बाहेर मोकळ्यावर ठेव.’ पाठवला नाही. तो वाचून त्याचा फोन येईल, केतकी शेजारी असेल, काय बोलायचं — असा विचार करत राहिलो आणि खारघर आलं. मेसेज पुसला. म्हटलं, सकाळी बघू. सकाळी मीटिंग होती.

त्यानंतरच्या एका दुपारी डब्यातून सूं सूं आवाज यायला लागला. आय बाजारातून येऊन नुकती टेकली होती. डब्यात उंदीर गेला असं वाटून तिने झाकण उघडलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. विजय आत पलंगावर होता. त्याने आयची किंकाळी ऐकली. आणि त्याला कुशीवर वळायचं होतं, कठडा धरायचा होता, श्वास घ्यायचा होता, पाय खाली सोडायचे होते. तो अंगणात पोहोचेपर्यंत शेजारच्या बायकांनी तिला उचलून ओट्यावर नेलं होतं. त्या वेळेबद्दल तो माझ्याशी कधी बोललेला नाही. मीही विचारलेलं नाही.

मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा तो व्हरांड्यातल्या बाकावर आडवा पडला होता. मला बघून उठायची धडपड करायला लागला. मी म्हटलं, पडून राहा. त्याने माझा हात धरला, जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाला,

‘‘कोनाला काय बोललो नाय मी. गॅसचा भडका उडाला म्हनून सांगितलाय. तुजा नाव निघाला असता फुकट. आयनंच सांगितला, मन्याला मधी आनू नको.’’

तेव्हा मी रडलो. खूप रडलो. विजयला वाटलं आयसाठी रडतोय. तोच माझी पाठ थोपटत राहिला — पाठ त्याची गेलेली, आणि थोपटत होता माझी. मी तेव्हाही बोललो नाही. त्याच्याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे कळत असूनही नाही.

आयच्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. कोयती धरता येत नाही, त्यामुळे बाजारातली जागा सुटली. मासळी साफ न करता कोण घेतं? ती जागा तिच्या सासूची होती. विजय आता घरी बसून, म्हणजे पडून, कुठल्याशा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि शांतपणे सांगतो की आपली अडचण मी समजू शकतो.

तो व्हिडिओ मी काढलेला नाही. काढला असता तर लोकांनी विचारलं असतं का काढला. त्याच्यामुळे अजूनही नवे बघणारे येतात. मी पुढेही रिव्ह्यू करत राहिलो, फक्त ‘मी पैसे घेत नाही’ हे वाक्य बंद केलं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला क्षमा नको. खरंच नको. कुणी दिली तर ती कुठे ठेवायची हे मला कळणार नाही. हे लिहिल्याने काही हलकं झालंय असंही नाही, उलट शेवटाकडे येताना हात जड होत गेलाय.

विजय माझं सगळं वाचतो. हेही वाचेल, बहुतेक सगळ्यांच्या आधी. आणि आयला वाचता येत नाही, म्हणून तो माझं प्रत्येक लिखाण तिला मोठ्याने वाचून दाखवतो. मन्याने काय लिहिलंय ऐक, म्हणतो. ती हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते. हे वाचताना तो कुठेतरी मध्येच थांबेल. ती विचारेल, काय झालं रे, वाच ना पुढं. म्हणून हे शेवटचं मी त्याच्यावर सोपवत नाही, तुलाच सांगतो. आय, तू तांदूळ लोटत होतीस तेव्हा मला माहीत होतं.